ढोलीच्या झाडांचा कैवारी

अमेरिकेतील मिसिसिपी ही विशाल नदी आयोवा राज्याच्या पूर्व सीमेवरून वाहते. तिच्या काठच्या उंच टेकड्यांवर बर्लिंग्टन नावाचे एक शहर वसलेले आहे. या शहरी ११ जानेवारी १८८७ रोजी आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म झाला. वनाधिकारी, प्राध्यापक आणि ग्रंथकार या तिन्ही नात्यांनी त्यांनी पुढे मोठा लौकिक मिळविला. मनुष्याला लाकूड हवे आणि रानातील पशुपक्ष्यांना आसरा हवा. या दोन्ही गरजा एकाच अरण्याने कशा भागवाव्या, हा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडविण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या चरित्राची ओळख आपण या पाठात करून घेऊ.

आल्डोचे वडील कार्ल लिओपोल्ड यांचा लिहिण्याची मेजे तयार करण्याचा कारखाना होता. अक्रोड, ओक, चेरी अशा उत्तम लाकडांची भक्कम आणि सुबक मेजे तेथे तयार होत. कुटुंबाचा चरितार्थ लाकडावरच चाले, असे म्हटले तरी चालेल. परंतु कार्ल यांना रानाचाही तितकाच लळा होता. सुटीच्या दिवशी मुलांना बरोबर घेऊन ते नदीकाठची राने आणि दलदली पालथ्या घालीत. चिखलातील पाऊल कोणत्या प्राण्याचे, झाडावरील ओरखडा कोणाच्या नखांचा, हे ते मुलांना ओळखावयास शिकवीत. ते स्वतः शिकारी होते. त्या काळी शिकारीवर फारशी बंधने नव्हती. वसंत ऋतूत बदकांचे थवे अंडी घालण्यासाठी उत्तरेकडे जात, तेव्हाही लोक त्यांची खुशाल हत्या करीत. कार्ल यांनी मात्र कोणताही कायदा होण्यापूर्वीच वसंतातील शिकार आपण होऊन सोडून दिली. हाती बंदूक असतानाही ती न उडविणे हा केवढा संयम! हा धडा आल्डोच्या मनावर कायमचा कोरला गेला.

त्या दिवसांत मिसिसिपीच्या पाण्यावरून ओंडक्यांचे प्रचंड तराफे खाली येत असत. हे ओंडके उत्तरेकडील विस्कॉन्सिन व मिनेसोटा या राज्यांतील पाइन वृक्षांचे होते. वाढत्या शहरांतील घरे, रेल्वेचे रूळमार्ग, कुंपणे आणि कारखाने यांसाठी लाकडाची मागणी अपार होती. अरण्ये अफाट आहेत, ती कधीच संपणार नाहीत, अशी लोकांची समजूत होती. लाकूड कंपन्या एक रान तोडीत आणि पुढच्या रानाकडे वळत. मागे उरत ते केवळ बुंधे आणि वाळलेल्या फांद्यांचे ढीग. या ढिगांना आग लागे आणि ती दूरवर पसरे. १८७१ साली विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो येथे अशीच भयंकर आग भडकली आणि तीत हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनमधील पाइनची पुरातन वने बहुतांशी नाहीशी झाली होती.

हा नाश पाहून काही विचारी माणसे जागी झाली. गिफर्ड पिंचो हे त्यांतील अग्रणी होत. रान तोडावयाचेच नाही असे त्यांचे म्हणणे नव्हते. जेवढे वाढते तेवढेच तोडावे, म्हणजे पुढील पिढ्यांनाही लाकूड मिळत राहील, असा त्यांचा विचार होता. १९०५ साली अमेरिकेच्या सरकारने वनसेवा खाते स्थापन केले आणि पिंचो त्याचे पहिले प्रमुख झाले. येल विद्यापीठात वनविद्येचे शिक्षण १९०० सालापासून सुरू झालेच होते. तरुण आल्डोने याच विद्यापीठात प्रवेश घेतला. वडिलांच्या कारखान्यात त्याला सुखाची जागा मिळाली असती. परंतु त्याचे मन रानात गुंतले होते. १९०९ साली वनविद्येतील पदवी घेऊन तो वनसेवेत रुजू झाला.

त्याची पहिली नेमणूक नैर्ऋत्येकडील ॲरिझोनात, अपाची राष्ट्रीय वनात झाली. कोणत्या डोंगरावर किती झाडे आहेत आणि त्यांपासून किती इमारती लाकूड मिळेल याची मोजदाद करणाऱ्या पथकाचा तो नायक होता. वय अवघे बावीस वर्षांचे, अनुभव थोडा आणि उत्साह मात्र दांडगा. पहिल्या मोजणीत त्याच्या हातून चुका झाल्या आणि त्याच्या हाताखालची माणसे नाराज झाली. चौकशीही झाली. तथापि तो खचला नाही. घोड्यावरून डोंगरदऱ्या हिंडत त्याने आपले काम नीट आत्मसात केले.

याच काळात एक प्रसंग घडला. डोंगरकड्यावर बसून लिओपोल्ड आणि त्यांचे सोबती जेवत असता त्यांना खाली नदी ओलांडणारी एक लांडगी दिसली. पलीकडे तिची पिले तिच्याभोवती गोळा झाली. लांडगा दिसला की गोळी घालावयाची, अशी त्या काळची रीतच होती. लांडगे कमी झाले म्हणजे हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांना सुख होईल, असे सारेच मानीत. लिओपोल्ड यांचेही मत तेच होते. बंदुका कडाडल्या आणि लांडगी कोसळली. लिओपोल्ड धावत तिच्याजवळ पोचले. तिच्या डोळ्यांतील तेज हळूहळू विझताना त्यांनी पाहिले. आपल्याला न कळणारे असे काही तिला आणि त्या डोंगराला ठाऊक होते, असे त्यांना पुढे वाटू लागले. मात्र हा विचार परिपक्व होण्यास अनेक वर्षे लागली.

१९१२ साली लिओपोल्ड न्यू मेक्सिकोतील कार्सन राष्ट्रीय वनाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी एस्तेला बर्गेरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी दुर्गम भागातील फिरतीवर असताना ते पावसात आणि थंडीत सापडले. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना घेरले आणि ते मरणाच्या दारातून परत आले. वर्षाहून अधिक काळ त्यांना विश्रांती घ्यावी लागली. या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी पुष्कळ वाचन व चिंतन केले. वनाधिकाऱ्याचे काम केवळ लाकूड मोजण्यापुरते नाही. पाणी, माती, गवत, पशू आणि पक्षी यांचीही जबाबदारी त्याच्यावर आहे, हा विचार त्यांच्या मनात मूळ धरू लागला.

पुढे ॲरिझोनातील कैबाब पठारावरून एक चिंताजनक वार्ता येऊ लागली. तेथे १९०६ पासून हरणांना संरक्षण होते आणि लांडगे, प्यूमा इत्यादी हिंस्र पशू वेचून मारले जात होते. हरणांची संख्या भरमसाट वाढली. त्यांनी तोंड पोचेल तेथवर कोवळा पाला खाऊन टाकला आणि अखेरीस उपासमारीने ती हजारोंनी मेली. हरणांच्या या दुर्दशेस आणखीही कारणे होती, असे अभ्यासकांनी नंतर दाखविले आहे. परंतु रानातील एक दुवा तोडला की दुसरा निखळतो, ही गोष्ट लिओपोल्ड यांच्या ध्यानी येऊ लागली. काही वने तरी रस्ते आणि कुऱ्हाड यांपासून सर्वस्वी दूर ठेवावी, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९२४ साली न्यू मेक्सिकोतील गिला वनाचा साडेसात लक्ष एकरांहून मोठा भाग निबिड अरण्य म्हणून राखून ठेवण्यात आला. जगातील अशा स्वरूपाच्या आरंभीच्या राखीव अरण्यांत त्याची गणना होते.

त्याच वर्षी लिओपोल्ड विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहरी आले. तेथील सरकारी प्रयोगशाळेत लाकडाच्या उपयोगाविषयी संशोधन चाले. लाकूड अधिक टिकाऊ कसे करावे, कापताना ते वाया कसे जाऊ देऊ नये, याचा तेथे अभ्यास होई. लिओपोल्ड या संस्थेचे उपसंचालक होते. वाया जाणारे लाकूड वाचविले तर तितकी झाडे उभी राहतील, हे त्यांना उमगले होते. परंतु तोडलेल्या झाडापेक्षा उभ्या झाडाची ओढ त्यांना अधिक होती. १९२८ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि अनेक राज्यांत हिंडून तेथील वन्य प्राण्यांची पाहणी केली. १९३३ साली वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना या विषयाचे प्राध्यापक नेमले. या विषयाचे असे अध्यापकपद अमेरिकेत तोवर कोठेही नव्हते.

१९३५ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ते जर्मनीतील वने पाहण्यासाठी गेले. वनविद्येचे माहेरघर म्हणून जर्मनीची ख्याती होती. तेथील वनाधिकाऱ्यांनी पूर्वीच्या मिश्र रानांच्या जागी पुष्कळ ठिकाणी एकट्या स्प्रूस वृक्षांची लागवड केली होती. सारी झाडे एका वयाची, एका उंचीची, सैनिकांप्रमाणे रांगेत उभी. पहिल्या पिढीत लाकूड भरघोस मिळाले. परंतु पुढच्या पिढ्यांत जमिनीचा कस उतरला आणि झाडांची वाढ खुंटली. दाट सावलीत खाली झुडपे उगवेनात. जी रोपे उगवत ती हरणे खाऊन टाकीत. कारण शिकारीच्या हौसेपायी हरणे भाराभर राखलेली होती. वठलेली व ढोली असलेली झाडे अशा नीटनेटक्या वनात क्वचितच उरत. म्हणून ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांसाठी झाडांवर लाकडी पेट्या टांगण्याचा उपाय जर्मन लोकांनी योजला होता. हे सारे पाहून लिओपोल्ड विचारात पडले. केवळ लाकडाचाच हिशेब मांडला तर अखेर लाकूडही हाती लागत नाही, हे सत्य त्यांना तेथे दिसले. चूक ध्यानी आल्यावर अनेक जर्मन वनाधिकारी पुन्हा मिश्र वनांकडे वळत होते आणि सरसकट तोड न करता निवडक झाडेच काढीत होते. हेही त्यांनी आदराने नोंदविले.

त्याच वर्षी लिओपोल्ड यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी ८० एकरांचे एक ओसाड शेत विकत घेतले. आधीच्या मालकाने जमिनीचा सारा कस काढून घेतला होता. घर जळून गेले होते. उरले होते ते एक कोंबड्यांचे खुराडे. त्याचीच डागडुजी करून त्यांनी राहण्यापुरती खोली तयार केली. सुटीचा दिवस आला की पती, पत्नी आणि पाच मुले येथे येत व झाडे लावीत. पहिल्या वर्षांत भयंकर अवर्षण पडले आणि बहुतेक रोपे करपून गेली. त्यांनी पुन्हा लावली. अशा रीतीने दरवर्षी वसंतात लागवड करीत त्यांनी हजारो पाइन वृक्ष वाढविले.

या शेताला लागून थोडे जुने रान होते. ते रोगट झाडांनी भरलेले आहे, असे प्रथम लिओपोल्ड यांना आढळून आले. कोणाची मुळे कुजलेली, कोणाच्या खोडाला बुरशी लागलेली, कोणाचा गाभा पोखरलेला. लाकडाच्या व्यापाऱ्याने अशा झाडांकडे ढुंकूनही पाहिले नसते. परंतु लिओपोल्ड जसजसे या रानात हिंडू लागले, तसतसे त्यांना एक आश्चर्य दिसू लागले. एका पोकळ मेपल वृक्षात रॅकून नावाच्या प्राण्याने आपले घर केले होते. दुसऱ्या झाडाच्या ढोलीत रानमाश्यांचे मोहोळ होते. उंच ढोल्यांत रानबदके अंडी घालीत. पाण्याकाठच्या वठलेल्या बुंध्यात सोन्यासारखा पिवळा असा एक चिमुकला पक्षी घरटे करी.

ढोली तयार कशी होते, हे समजून घेण्यासारखे आहे. झाडाची फांदी मोडली किंवा साल फाटली की त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि गाभ्याचे कठीण लाकूड मऊ पडते. मग सुतारपक्षी आपल्या बळकट चोचीने तेथे भोक पाडतो आणि आत घरटे करतो. तो ते सोडून गेला की ती जागा लहान पक्षी, खारी, घुबडे यांच्या उपयोगी पडते. कारण यांपैकी कोणालाही स्वतः लाकूड पोखरता येत नाही. एक झाड मरते आणि अनेक जीवांना घर देते. हे पक्षी आयत्या घरात नुसते बसून राहत नाहीत. ते सालीतील किडे, अळ्या व अंडी वेचून खातात आणि शेजारच्या निरोगी झाडांचे रक्षण करतात. म्हणजे ज्या झाडाला लाकूडतोड्या निरुपयोगी समजतो, तेच झाड लाकडाच्या पिकाची राखण करीत असते!

यावरून लिओपोल्ड हे कुऱ्हाडीचे वैरी होते, असे मात्र कोणी समजू नये. ते स्वतः कुशल लाकूडतोडे होते. शेतावरील एक जुना ओक वीज पडून मेला, तेव्हा त्यांनी तो करवतीने कापला व हिवाळ्यात शेकोटीसाठी वापरला. मात्र कोणते झाड तोडावे आणि कोणते राखावे, याचा ते पुरता विचार करीत. झाड तोडणाराच रानाचे भवितव्य ठरवीत असतो. म्हणून त्याने डोळे उघडे ठेवून घाव घातला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

लाकूड व्यवसायाची बाजूही त्यांना ठाऊक होती. वठलेले झाड केव्हा कोसळेल याचा नेम नसतो. त्याखाली काम करणाऱ्या मजुरांच्या जिवाला धोका असतो. ते जेवढी जागा अडविते, तेवढ्या जागेत नवे झाड वाढू शकते. राखलेल्या प्रत्येक मोठ्या झाडाबरोबर कारखान्याच्या फळ्या कमी होतात आणि फळ्यांवर अनेकांची पोटे अवलंबून असतात. या अडचणी खोट्या नाहीत. मग यातून मार्ग कोणता? सारीच झाडे राखता येत नाहीत आणि सारीच तोडणे हिताचे नसते. रान तोडताना काही झाडे हेतुपूर्वक मागे ठेवावी, पोकळ झालेली व फळ्यांच्या कामी न येणारी झाडे आधी निवडावी, ती कामाच्या वाटेपासून दूर, गटागटाने राखावी आणि त्यांच्याबरोबर काही तरुण झाडेही सोडावी, म्हणजे आजची ढोली पडली तरी उद्याची तयार होत राहील. असा मार्ग पुढील काळातील वनशास्त्रज्ञांनी काढला.

लोकांना न रुचणारे सत्य सांगण्यास लिओपोल्ड कधी कचरले नाहीत. १९४० नंतरच्या काळात विस्कॉन्सिनमध्ये हरणे फार वाढली. ती पाइनची कोवळी रोपे खात आणि हिवाळ्यात उपाशी मरत. हरणांची संख्या कमी केल्यावाचून नवे रान उगवणार नाही, असे लिओपोल्ड यांनी सरकारला व जनतेला सांगितले. १९४३ साली माद्यांच्याही शिकारीस परवानगी मिळाली, तेव्हा लोक खवळले. वृत्तपत्रांतून त्यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला. प्राण्यांचा हा मित्र प्राण्यांचा शत्रू ठरविला गेला. तरीही त्यांनी आपले मत बदलले नाही. कारण ते एकट्या हरणाचा नव्हे, तर साऱ्या रानाचा विचार करीत होते.

शेतावर असले म्हणजे ते पहाटे अंधारातच उठत आणि बाहेर बसून कोणता पक्षी किती वाजता गाऊ लागतो, याची नोंद करीत. पहिले फूल केव्हा उमलले, हंसांसारखे लांब मानेचे रानपक्षी दक्षिणेकडून केव्हा परतले, हेही त्यांच्या वहीत लिहिलेले असे. अशा निरीक्षणांवर त्यांनी सुंदर निबंध लिहिले. त्या निबंधांच्या संग्रहास प्रकाशक मिळण्यास बराच काळ लागला. अखेर १९४८ च्या एप्रिल महिन्यात एका प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेने पुस्तक स्वीकारल्याचे कळविले. त्यानंतर एकाच आठवड्याने, २१ एप्रिल रोजी, शेजारच्या शेतात गवताला आग लागली. आग आपल्या पाइनच्या रोपांकडे येईल हे जाणून लिओपोल्ड ती विझविण्यास धावले. तेथेच हृदयविकाराचा झटका येऊन त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. त्या वेळी त्यांचे वय ६१ वर्षांचे होते.

त्यांचे पुत्र लुना यांनी हस्तलिखिताची व्यवस्था केली आणि १९४९ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी हे सारे एका मोठ्या कुटुंबाचे घटक आहेत. मनुष्य त्या कुटुंबाचा स्वामी नसून एक साधा घटक आहे, हा विचार त्यात मांडलेला आहे. प्रारंभी या ग्रंथाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. परंतु पुढे तो जगभर वाचला गेला. लिओपोल्ड यांच्या पाच अपत्यांपैकी तिघांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली.

ज्या विचारासाठी लिओपोल्ड झटले तो कालांतराने कायद्यात आणि नियमांत उतरला. १९९४ साली अमेरिकेच्या वायव्य भागातील सरकारी वनांसाठी एक योजना आखण्यात आली. लाकडासाठी राखलेल्या वनातही, जेथे तोड करावयाची त्या क्षेत्राचा किमान १५ टक्के भाग उभा ठेवावा, असे तीत ठरविले गेले. वठलेली, ढोली असलेली आणि जुनी झाडे राखणे हा आता अनेक देशांतील वनव्यवस्थापनाचा भाग बनला आहे.

लिओपोल्ड कुटुंबाने लावलेले पाइन वृक्ष मोठे होऊन इतके दाट झाले, की त्यांची विरळणी करणे आवश्यक ठरले. त्या विरळणीतून निघालेले लाकूड वापरून २००७ साली त्या शेताजवळ लिओपोल्ड यांच्या नावाची एक अभ्यासवास्तू बांधण्यात आली. मागे राहिलेल्या झाडांना अधिक ऊन आणि अधिक जागा मिळाली. त्यांच्या फांद्यांवर पक्षी आजही गातात आणि त्यांच्या भावंडांच्या तुळयांवर वास्तूचे छप्पर उभे आहे. रानाकडून घ्यावे, पण रान रिते करू नये, हे लिओपोल्ड यांनी आपल्या आचरणाने जगाला दाखवून दिले.